ऐकू न येणाऱ्या आवाजाचं काय करायचं?

सीडीवरचं गाणं संगणकावर उतरवून घेणारं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, ते सुरुवातीलाच विचारतं: दर्जा कोणता हवा? खाली पर्यायांची यादी असते. १२८, १९२, २५६, ३२० केबीपीएस. किंवा व्ही२, व्ही०. किंवा सरळ 'लॉसलेस'. प्रश्न तांत्रिक दिसतो आणि बहुतेक जण तो तसाच सोडवतात. आकडा मोठा तितकं चांगलं, जागा कमी असेल तर मधला निवडा आणि पुढे चला. गेल्या वर्षी आत्याच्या ३८० सीड्या मी संगणकावर घेतल्या, तेव्हा मात्र या प्रश्नापाशी मी बरेच दिवस अडून बसलो. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे तांत्रिक भाग अर्ध्या तासात उरकला. उरला तो प्रश्न वेगळा होता. जे आपल्याला ऐकू येत नाही ते टाकून द्यायचा अधिकार आपल्याला असतो का? आणि असेल, तर तो आपण कोणाच्या वतीने वापरतो?

तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० साली ठरवलेल्या मानकानुसार सीडीवर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मापं घेतलेली असतात. प्रत्येक माप १६ बिटांचं, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. एका मिनिटाला साधारण १० एमबी, तासाला ६३५ एमबीच्या आसपास. ४४,१०० हा आकडा माणसाच्या कानाकडे बघून बेतला आहे. तरुण, निरोगी कानाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आणि एखादी कंप्रता नेमकी पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, असं गणित सांगतं. म्हणजे सीडी तयार होतानाच २२ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गाळलेलं असतं. कुत्र्या-मांजरांनी तक्रार करावी अशी ही काटछाट आहे, पण माणसांनी ती कधी मनावर घेतली नाही.

एमपी३ याच्या बरंच पुढे जातं. १२८ केबीपीएसची फाइल सीडीच्या जवळपास एक-अकरांश असते. उरलेले दहा भाग कुठे जातात? काही निव्वळ गणिती घडी घालण्यात वाचतात, पण मुख्य बचत कानाच्या एका मर्यादेमुळे होते. फलाटावर उभं राहून आपण कोणाशी बोलत असतो, तेवढ्यात फास्ट लोकल धडधडत जाते. समोरच्याचे ओठ हलत असतात, आवाज निघत असतो, पण आपल्याला काही ऐकू येत नाही. मोठा आवाज त्याच्या शेजारच्या कंप्रतांमधल्या लहान आवाजाला झाकून टाकतो, आणि ही झाकण मोठा आवाज थांबल्यावरही काही क्षण टिकते. एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर क्षणोक्षणी हिशेब करतं की आत्ता काय झाकलं गेलं असेल, आणि झाकलेल्या भागावर बिट खर्च करत नाही. हा हिशेब बसवताना कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. साथीशिवायचा एकटा आवाज असल्यामुळे त्यातली जराशी चूकही उघडी पडायची. अक्कल आणि चिकाटी दोन्हींच्या दृष्टीने हे मोठं काम आहे, आणि पुढे मी जे म्हणणार आहे त्यात त्याची हेटाळणी नाही.

'लॉसलेस' म्हणजे उदाहरणार्थ फ्लॅक. २००१ साली आलेला हा प्रकार काहीही गाळत नाही, फक्त घट्ट घडी घालतो. सीडीचा आकार साधारण निम्म्यावर येतो आणि उलगडल्यावर बिटन् बिट तसाच मिळतो. फ्लॅकलाही ० ते ८ अशा पातळ्या असतात. अनेक जण ८ म्हणजे उत्तम दर्जा समजतात, पण आवाज सगळ्या पातळ्यांवर एकच असतो. घडी घालायला किती वेळ द्यायचा, एवढंच त्या पातळीवरून ठरतं.

मला स्वतःला फरक कळतो का, हे आधी तपासलं. यासाठी एबीएक्स नावाची चाचणी असते. मूळ आणि एमपी३ असे दोन तुकडे ऐकायचे, मग तिसरा ऐकून तो कुठला ते सांगायचं, आणि हे १६ वेळा. नुसत्या अंदाजाने ८ बरोबर येतात; १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता नशिबाच्या जोरावर जेमतेम ४ टक्के. १२८ केबीपीएसवर, तबल्याचा सोलो लावून, मला १३ आले. त्याला कारण आहे. एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे पाडून काम करतं, आणि तुकड्यात अचानक टोकदार आघात आला की चुकीचा अंश आघाताच्या आधीही थोडासा सांडतो. किनारीवरचा 'ना' त्यामुळे किंचित बोथट होतो. पण व्ही२ ला, म्हणजे सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास, मला ९ आले. म्हणजे काहीच कळलं नाही. चांगले हेडफोन होते, रात्रीची शांतता होती आणि कान अठ्ठाविशीतले होते. यापुढे फ्लॅकच्या बाजूने बोलताना 'मला फरक जाणवतो' हे कारण माझ्यापुढे बंद झालं.

आणि आत्याला तर ते सुरुवातीपासूनच नको होतं. आत्या ६९ वर्षांची आहे, सांगलीला राहते, बँकेतून निवृत्त झाली. १९९४ पासून पंधरा-सोळा वर्षं पगाराच्या दिवशी एखादी सीडी, असा तिचा नेम होता. आता प्लेअर बंद पडला आहे आणि तिला सकाळी फिरताना फोनवर गाणं हवं आहे. कानांची तपासणी झाली आहे. वरच्या कंप्रता बऱ्याच गेल्या आहेत. "अरे, फोनची बारीक रिंग मला ऐकू येत नाही आणि तू कसले किलोहर्ट्झ सांगतोस?" ती म्हणाली. "जागा कमी लागेल तसं कर. आणि माझ्यामागे कोण ऐकणार आहे हे?"

यातल्या पहिल्या वाक्याला उत्तर देणं सोपं आहे, शेवटच्याला नाही. पण पहिलंही वाटतं तितकं सोपं नाही. वस्तू तिची, कान तिचे, पैसे तिचे. माझ्या समाधानासाठी मी तिच्या फोनमध्ये तिला न ऐकू येणाऱ्या गोष्टी कोंबल्या, तर तो तिचा आदर म्हणायचा की माझा हट्ट? इंजिनिअर लोकांना ही खोड असते. समोरच्याची गरज विचारायची आणि मग आपल्याला जे करायला आवडतं ते त्याच्या गरजेच्या नावावर करायचं.

दुसरी गोष्ट, दर्जाच्या नावाखाली एक प्रकारचा वर्गाभिमानही चालतो. मी शाळेत असताना आमच्या गावात मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून द्यायचे. थोड्या पैशांत दोन जीबीचं कार्ड गच्च. त्यात भावगीतं, लावण्या, हिंदी सिनेमे, भजनं, सगळं एकत्र आणि दर्जा काय मिळेल तो. कुमार गंधर्व मी पहिल्यांदा ऐकले ते अशाच एका कार्डातून, फोनच्या चपट्या स्पीकरवर. त्यात तंबोरा जवळजवळ नव्हताच. तरी जे पोचायचं ते पोचलं. खर्चिक यंत्रावर, मखमली शांततेत ऐकल्याशिवाय गाणं 'खरं' ऐकलंच नाही असं जे म्हणतात, त्यांना माझ्यासारख्यांचं ऐकणं नाकारावं लागेल. एमपी३ने गाळलं ते खरं, पण गाळलं म्हणून ते इतक्या हलक्या खिशांत मावलं. पुरेसं चांगलं हे खरोखरच चांगलं असू शकतं.

मग फ्लॅकचा आग्रह कशासाठी? 'कोणालाही ऐकू येत नाही' या वाक्यात तीन गृहीतकं दडलेली आहेत म्हणून. एक, ऐकणारा कान सरासरी आणि निरोगी आहे. दोन, गाणं जसं आहे तसंच, त्याच वेगाने, त्याच समतोलाने वाजवलं जाणार आहे. तीन, ही शेवटची प्रत आहे, हिच्यापासून पुढे काही बनणार नाही.

तिन्ही बाबतींत आत्याचं घर अपवाद निघतं. तिचा कान सरासरी नाही; उद्या ती श्रवणयंत्र लावेल तेव्हा ते यंत्र वरच्या कंप्रता उचलून देईल, आणि झाकण्याचा जो हिशेब निरोगी कानासाठी केला होता तो तिथे जसाच्या तसा लागू राहणार नाही. तिची नात गाणं शिकते. एखादी तान उतरवून घ्यायची असली की ती फोनवर वेग निम्मा करते. वेग बदलला की काय कशाखाली झाकलं जातं तेही बदलतं, आणि जे झाकलेलं राहील म्हणून टाकलं होतं त्याची जागा रिकामी दिसू लागते. आणि फाइलचे प्रकार बदलत राहतात. एमपी३वरून दुसऱ्या प्रकारात नेलं की दुसरं सॉफ्टवेअर उरलेल्यातून पुन्हा गाळतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं. फ्लॅकवरून एमपी३ कधीही बनवता येतं, एमपी३वरून फ्लॅक कधीच नाही. एका दिशेचा रस्ता आणि दोन दिशांचा रस्ता समोर असताना, खर्चात फारसा फरक नसेल, तर दोन दिशांचा घ्यावा, एवढं तरी तत्त्व मला पटतं. खर्चाचं म्हणाल तर ३८० सीड्या १२८ केबीपीएसला सुमारे २२ जीबी, फ्लॅकला १३० जीबीच्या आसपास. काही हजार रुपयांत मिळणाऱ्या डिस्कवर दोन्ही हरवून जातील.

पण हे तत्त्व जरा ताणलं की ते हास्यास्पद होतं. परत येता न येणाऱ्या वाटेला जायचंच नाही असं ठरवलं तर काहीच टाकता येणार नाही. माझ्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत. जेवणाच्या ताटाचे सहा-सहा, कारण कुठला चांगला ते ठरवायचं राहून गेलं. डिस्क स्वस्त झाल्या म्हणून आपण निवडायचं सोडून दिलं, आणि त्याला 'जतन' असं भारदस्त नाव दिलं. निर्णय पुढे ढकलणं फुकट नसतं. तो आपल्यानंतरच्या कोणाच्या तरी डोक्यावर जातो आणि त्याला आपल्याहून कमी माहिती असते. त्यामुळे 'सगळं ठेवा' हे उत्तर मला 'जागा वाचवा' इतकंच अपुरं वाटतं. दोन्हींत बघण्याचे कष्ट वाचवलेले असतात.

शिवाय 'लॉसलेस' हा शब्दही जरा जास्तच आश्वासन देतो. तो सीडीशी इमान राखतो, गाण्याशी नाही. आत्याकडे अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांची सीडी आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले. आत्याच्या घरापासून अर्ध्या तासावर, मिरजेत, त्यांची कबर आहे. मूळ ७८ गतीच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. बैठकीत तासभर चालणारा ख्याल त्यांनी तेवढ्यात बसवला. मग सीडी काढताना कोणीतरी तबकडीची खरखर कमी केली, आणि खरखरीबरोबर जवारीचीही थोडी झिलई गेली असणार. मी त्या सीडीची बिटन् बिट प्रत काढली म्हणजे मी नेमकं काय वाचवलं? गाळण्यांच्या रांगेतली शेवटची गाळणी मी लावली नाही, एवढंच.

या गाळण्यांमध्ये मात्र फरक आहे. खाँसाहेबांनी तीन मिनिटांसाठी आलापी आवरली तेव्हा काय जातंय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या आवरण्याचीच एक वेगळी कला झाली. एमपी३ घडवणाऱ्यांना प्रत्येक गाण्यात काय जाईल ते माहीत नव्हतं, पण कान कसा ऐकतो याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. आणि मी? यादीतल्या एका ओळीवर क्लिक करून ३८० सीड्यांचा निकाल लावणार होतो, त्यातल्या तीनशे न ऐकता. टाकण्याला माझा विरोध नाही. टाकणाऱ्याला काय टाकतोय ते ठाऊक असावं, निदान त्याची जबाबदारी त्याने घ्यावी. 'सॉफ्टवेअरची शिफारस होती' हे उत्तर मला ऑफिसात चालत नाही, इथे कसं चालावं?

हा विचार नुसता हवेत राहिला असता, पण त्या ढिगात सात सीड्या निघाल्या ज्यांवर छापील काहीच नव्हतं. घरी कॉपी केलेल्या, वर मार्करने तारखा. आत्या तरुणपणी काही वर्षं एका बाईंकडे गाणं शिकत होती. त्या शिकवणीच्या कॅसेट तिने पुढे कोणाकडून तरी सीडीवर घेतल्या होत्या, आणि मूळ कॅसेट घर बदलताना गेल्या. सीडी नीट वाचली गेली का हे तपासायला माझं सॉफ्टवेअर जगभरातल्या इतर लोकांनी त्याच सीडीच्या काढलेल्या प्रतीशी आपली प्रत ताडून बघतं. बाजारातल्या सीड्यांना कुठून तरी दुजोरा मिळत होता: अमुक जणांकडे हेच बिट आहेत. या सात सीड्यांना उत्तर आलं की अशी डिस्क यादीत नाही.

तोवर मी सगळ्या सीड्यांसाठी एकच दर्जा शोधत होतो. या उत्तराने प्रश्नच फोडून दोन केला. बाजारातल्या सीडीच्या बाबतीत मी अनेक राखणदारांपैकी एक आहे. मी काही गाळलं तरी जगात ते दुसरीकडे आहे. माझी जबाबदारी मुख्यतः आत्याच्या सोयीची. या सात सीड्यांच्या बाबतीत राखणदार एकटा मीच. इथे मी जे टाकेन ते असण्यातूनच जाईल. आणि घरी भरलेल्या सीडीचा रंगाचा थर छापील सीडीपेक्षा लवकर खराब होतो, त्यामुळे काहीच न करणं हाही टाकण्याचाच एक प्रकार होता.

गंमत अशी की त्या सात सीड्यांचं ध्वनिमुद्रण सगळ्यांत वाईट होतं आणि फ्लॅकमध्ये त्यांनीच तुलनेने सगळ्यांत जास्त जागा खाल्ली. कॅसेटच्या खरखरीत कसलाच क्रम नसतो, आणि ज्यात क्रम नाही त्याची घडी घालता येत नाही. आत्या म्हणाली, "खरखर काढून टाक की." काढून दिली, तिच्या फोनसाठी. पण मूळ तसंच ठेवलं. कारण खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला खरखर आणि श्वास यांतला फरक नीट कळत नाही. बाई 'पुन्हा म्हण' म्हणण्याआधी जो श्वास घेतात तो स्वच्छ प्रतीत पुसट झाला आहे. आत्याने दोन्ही ऐकल्या आणि तिला स्वच्छच आवडली. तो तिचा हक्क आहे. ती प्रत ऐकण्यासाठी आहे, दुसरी असण्यासाठी.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो दर्जाच्या यादीत कुठेच नव्हता. बहुतेक ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं नसतातच. संगणक तुकड्यांच्या लांबीवरून सीडी ओळखतो आणि नावं इंटरनेटवरच्या यादीतून आणतो. त्या याद्या लोकांनीच भरलेल्या. कुठे रागाचं नाव चुकलेलं, कुठे नुसतं 'ट्रॅक ०३'. आणि कलाकारासाठी मुख्य रकाना एकच. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्या कोण, हे सीडीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत असतं, फाइलमध्ये येत नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं तेव्हा शेवटी त्यांनी स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत बनायच्या आणि तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळायला हवं होतं. साथीदारांची नावं त्यात नाहीत. तेव्हापासून आजच्या फाइलपर्यंत ही गळती चालूच आहे, आणि ती कुठल्याही केबीपीएसने भरून निघत नाही. १६ किलोहर्ट्झच्या वरच्या सळसळीसाठी मी इतका जीव पाखडत होतो, आणि इथे अख्खी माणसं गळत होती.

शेवटी असं ठरलं. मूळ संग्रह फ्लॅकमध्ये, दोन डिस्कांवर, त्यातली एक सांगलीत. आत्याच्या फोनवर व्ही२ एमपी३. तिला पुरून उरतं. आणि फ्लॅकमध्ये हवे तितके रकाने जोडता येतात, म्हणून प्रत्येक फाइलला साथीदारांचे रकाने. हे काम सीड्या वाचण्याहून कितीतरी जास्त वेळ चाललं. रविवारी संध्याकाळी फोन करायचा, मी पुस्तिका वाचायची, तिने दुरुस्त्या सांगायच्या. "हे पुस्तिकेत चुकलंय, त्या दिवशी पेटीवर दुसरेच होते, मी समोर बसले होते." हे कुठल्या डिस्कवर असणार? 'माझ्यामागे कोण ऐकणार' याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. नात ऐकेलही, किंवा नाही. पण राखण्यासाठी ऐकणाऱ्याची खात्री लागते असं मला आता वाटत नाही. विचारणारा आलाच, तर त्याला खोटं किंवा अर्धं उत्तर मिळू नये, एवढी काळजी आपल्या हातात असते.

अकरा सीड्यांवरचा तबला कोणाचा ते पुस्तिकेत नाही आणि आत्यालाही आठवलं नाही. तो रकाना नुसता सोडून दिला असता तर फाइलच्या दृष्टीने तिथे कोणी नव्हतंच. मी तिथे लिहिलं: तबला – अज्ञात. आत्या म्हणाली, "हे बरं केलंस. निदान कोणी होतं एवढं तरी कळेल."